मोहननगरातली नाताळ कार्डं: फसलेली खेप आणि नंतरचे २१ दिवस

नोव्हेंबरचा दुसरा रविवार. नागपूरच्या मोहननगरातल्या एका घराच्या गच्चीवर चादरी अंथरून १४० नाताळ कार्डं उन्हात पसरली होती. जिन्यातून वर येताना मला वाटलं, कुणीतरी पापड घातलेत. जवळ गेले तर कार्डांचे काठही पापडासारखेच वर आलेले. काहींवरची चित्रं सुटून गच्चीच्या कोपऱ्यात वाऱ्यानं गोळा झाली होती. तिथे उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "बाई, आम्ही तर सगळं बराबर केलं. मग हे असं काहून होऊन राहिलं जी?"

मी २८ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. त्याआधीची माझी शाळा म्हणजे महालातलं वडिलांचं बाइंडिंगचं दुकान. खळ, अबरी म्हणजे भोवऱ्यांच्या नक्षीचा कागद, पुठ्ठा आणि दाबयंत्र यांच्यातच लहानाची मोठी झाले. त्यामुळे काकूंचा प्रश्न मला ओळखीचा होता, उत्तरही बरंचसं ठाऊक होतं. तरी पुढच्या तीन आठवड्यांत मीही काही गोष्टी नव्यानं शिकले. कागदकामाच्या कृती हव्या तितक्या मिळतात, पण फसलेलं काम कशानं फसलं हे कुणी लिहून ठेवत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते.

चर्चच्या भगिनी मंडळातल्या सात जणींनी ऑक्टोबरच्या मध्यात काम हाती घेतलं होतं. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी चर्चच्या आवारात विक्री मांडायची आणि त्या पैशातून रविवारच्या शाळेचे बाक दुरुस्त करायचे, असा बेत. २४० कार्डं आणि १०० लोंबत्या शोभेच्या वस्तू, सगळं जुन्या धाटणीचं. बाजारातली चकचकीत कार्डं कुणीही विकतं, आपण आजीच्या काळातलं वाटेल असं करू, ही कल्पना मला मनापासून आवडली. अडलं ते 'आजीच्या काळातलं' म्हणजे नेमकं काय, इथे. त्यांनी व्हिडिओ पाहून ठरवलं होतं की जुनं म्हणजे तपकिरी. मग कागद चहात बुडवले, काठ मेणबत्तीवर जाळले, वर सुतळीची गाठ, लेसचा तुकडा आणि भरपूर चमकी. कार्डाला ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) यंत्रावरचा जाड कागद. सजावटीला घरोघरून गोळा केलेल्या लग्नपत्रिका आणि गिफ्टचे कागद. चिकटवायला फेव्हिकॉल, डब्यातून थेट. वाळवायला गच्ची.

बिघाड कुठे होता

मी दहा कार्डं उचलली, सुटलेले थर वेगळे केले आणि जेवणाच्या टेबलावर मांडले. बहुतेकांत एकच चूक पुन्हा पुन्हा दिसली: दोन कागदांचे धागे एकमेकांना आडवे लागले होते.

कागदाला धागा असतो, हे पुष्कळ जणांना ठाऊक नसतं. यंत्रावर कागद बनतो तेव्हा ओला लगदा एका दिशेनं धावतो आणि त्यातले तंतू बहुतांशी त्याच दिशेला पडतात. तंतू भिजला की लांबीला फारसा वाढत नाही, पण जाडीला चांगलाच फुगतो. म्हणून ओला कागद धाग्याच्या आडव्या दिशेनं पसरतो आणि वाळताना त्याच दिशेनं आकसतो. खालच्या कार्डाचा धागा उभा आणि वर चिकटवलेल्या कागदाचा आडवा असेल, तर दोघे दोन वेगळ्या बाजूंना ओढतात. मग कार्ड कुठे तरी वाकणारच. धागा ओळखायला काही लागत नाही. ताव हातात घेऊन घडी न पाडता आधी उभा, मग आडवा अलगद वाकवायचा. ज्या वाकाला तो कमी विरोध करतो, त्या वाकाच्या रेषेला धागा समांतर. वर्तमानपत्र फाडून पाहिलं तरी कळतं: एका दिशेनं सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेनं वेडंवाकडं. घडीही धाग्याला समांतर घालायची, नाहीतर जाड कागद घडीवर तडकतो. त्यांच्या कार्डांपैकी निम्म्यांच्या घडीवर बारीक पांढऱ्या भेगा होत्या.

उन्हानं त्यावर कडी केली. वरची बाजू दहा मिनिटांत कोरडी, खालची अजून ओली. नागपूरची नोव्हेंबरातली कोरडी हवा कार्ड सावलीतही वाळवते, फक्त त्यावर वजन हवं आणि एका रात्रीचा धीर हवा.

चित्रं सुटण्याचं कारण निराळं होतं आणि ते शोधायला मला जरा वेळ लागला. हल्लीच्या बऱ्याच लग्नपत्रिकांवर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चढवलेला असतो. फेव्हिकॉल धरतो तो कागदाच्या तंतूंत शिरून. पापुद्र्यावर तो नुसता बसून राहतो आणि वाळला की सालीसारखा निघतो. कोपरा नखानं खरवडून पाहायचा. पापुद्रा सुटला तर ती बाजू चिकटवायला निकामी. मागची कच्ची बाजू चालते.

चहाचं मात्र मला वाईट वाटलं, कारण त्यावर त्यांनी सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती. पातेल्यात चहा उकळून एकेक कागद बुडवला, दोरीवर चिमटे लावून वाळवला, इस्त्री केली. तरी कागद सुरकुतलेलाच राहिला. चहातल्या टॅनिनची आम्लता कागदाला पुढे ठिसूळ करते, तो भाग वेगळाच. आणि जळक्या काठांची काजळी कार्ड हाताळताना शेजारच्या कार्डांना लागत होती.

सिस्टर आजींचा डबा

त्याच दुपारी खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला बोलावलं. त्या ८४ वर्षांच्या आहेत, आयुष्यभर परिचारिका होत्या, म्हणून सगळा मोहल्ला त्यांना सिस्टर आजी म्हणतो. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यांच्या आईनं एका स्कॉटिश मिशन डॉक्टरांकडे काम केलं होतं आणि त्या घरी आलेली कार्डं जपून ठेवली होती. साठेक तरी असतील. काहींच्या मागे शाईनं लिहिलेल्या तारखा पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या.

एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली. निम्मी कार्डं नाताळची नव्हतीच, नव्या वर्षाची होती. नागपुरात १८८३ साली सुरू झालेलं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडचे मिशनरी, आणि स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन (तिथल्या प्रोटेस्टंट पंथाच्या) मंडळींत नाताळपेक्षा वर्षअखेरीचं महत्त्व मोठं होतं. तिथे नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ पासून मिळू लागली, म्हणजे सिस्टर आजींच्या जन्मानंतर.

दुसरी गोष्ट ज्यासाठी हे सगळं सांगते आहे ती. डब्यातली एकही चांगली प्रत तपकिरी नव्हती. लाल रंग कुंकवासारखा, हिरवा गर्द, जमीन सायीच्या रंगाची, सोनेरी रेघ अजून चमकणारी. जी दोन-तीन कार्डं खरोखर तपकिरी पडली होती ती कुणीतरी हलक्या काळ्या पुठ्ठ्याच्या अल्बमला चिकटवलेली होती. पुठ्ठ्यातलं आम्ल त्यांत उतरलं होतं. कागद पिवळा पडतो तो मुख्यतः लाकडाच्या कच्च्या लगद्यातल्या लिग्निनमुळे आणि आम्लामुळे. असा लगदा करायची युक्ती १८४० च्या दशकातली, आणि पुढे स्वस्त छपाईसाठी तो सर्रास वापरात आला. चिंध्यांच्या चांगल्या कागदावरची छपाई शंभर वर्षांनीही उजळ राहते. म्हणजे आपण 'जुनं' म्हणून ज्याची नक्कल करतो, तो जुन्या काळातला सगळ्यात हलका कागद असतो.

मी सातही जणींना खाली बोलावलं. डबा मधे ठेवला आणि अर्धा तास काही बोलले नाही. त्यांनीच पाहिलं. "बाई, हे तर आपल्या जुन्या देवांच्या तसबिरींसारखं दिसते," एक ताई म्हणाल्या. त्या हिंदू घरातून मंडळात आलेल्या. त्यांचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं.

पहिलं छापील नाताळ कार्ड १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून करवून घेतलं. सुमारे १,००० प्रती, किंमत एक शिलिंग. ते दगडावरून छापून हातानं रंगवलेलं होतं. कार्ड घराघरांत पोचलं ते नंतर, क्रोमोलिथोग्राफी आल्यावर. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, कधी डझनभर किंवा जास्तही, आणि बारीक ठिपक्यांनी एका रंगातून दुसऱ्यात जाणारी छटा. त्याच तंत्रावर राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, तिथल्या कामाला जर्मन तंत्रज्ञ होते, आणि त्याच रंगांची लक्ष्मी-सरस्वती महाराष्ट्रातल्या घराघरांत लागली. जर्मनीत याच पद्धतीनं फुलं, देवदूत, मुलं अशी छोटी चित्रं छापून, उठाव देऊन, साच्यानं कापून तावच्या ताव विकत. ती कापून कार्डांवर आणि वह्यांत चिकटवायची. ड्रेस्डेन आणि लाइपझिगकडे तर पुठ्ठ्याला सोनेरी-रुपेरी मुलामा आणि उठाव देऊन माशांपासून गाड्यांपर्यंत झाडावर टांगायच्या वस्तू बनत.

तर आमचं ठरलं: जुनेपणा यायचा तो थरांतून, उठावातून आणि चांगल्या कागदातून. चहा बंद.

कापायचं की नाही

त्या संध्याकाळी एक जण म्हणाली, डब्यातलीच चित्रं कापून लावली तर? नुसती डब्यात पडून आहेत. सिस्टर आजींनी लगेच होकार दिला. "कापा ना पोरींनो. मी गेल्यावर कोण पाहते?"

मी नाही म्हटलं, आणि जरा जोरानंच म्हटलं. कार्डाच्या मागे एका बाईंनी दुसऱ्या बाईंना लिहिलेल्या चार ओळी होत्या, प्रकृतीची चौकशी होती, नागपूरच्या उन्हाळ्याची भीती होती. चित्र कापलं की ते अक्षरही गेलं. मूळ वस्तू एकदाच कापता येते. आम्ही डबा तसाच ठेवला आणि सहा चित्रं ६०० डीपीआयनं (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून घेतली. कोणती घ्यायची यालाही हिशेब होता. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, निनावी कामावर प्रकाशनापासून ६० वर्षं. म्हणून ज्यांवर चित्रकाराचं नाव नाही आणि मागची तारीख १९१४ च्या आधीची आहे अशीच सहा निवडली. १९५० च्या दशकातलं एक फार देखणं कार्ड होतं, बर्फातला घोडागाडीवाला, खाली चित्रकाराची सही. ते सोडावं लागलं. अजून हळहळ वाटते.

छपाईचा पहिला प्रयोग फसला. दुकानदारानं हौसेनं चकचकीत फोटो पेपरवर प्रिंट काढून दिली आणि सहाच्या सहा चित्रं वाढदिवसाच्या बॅनरसारखी दिसायला लागली. दुसऱ्या वेळी १२० जीएसएमच्या बिनचमकीच्या कागदावर लेझर प्रिंट घेतली, काळा रंग थोडा उतरवून, कारण जुन्या चित्रांत काळ्याच्या जागी बहुधा गडद तपकिरी असतो. लेझरच का? इंकजेटची शाई ओल्या खळीनं पसरते. लेझरची भुकटी पसरत नाही, फक्त घडीवर तडकते, आणि आमची चित्रं घडीवर येणारच नव्हती.

चित्र कापल्यावर काठाला कागदाचा पांढरेपणा दिसतो आणि तिथेच नक्कल उघडी पडते. राखाडी-तपकिरी पेन्सिल आडवी धरून काठावरून एकदा फिरवली की तो जातो. मग चित्र उलटं करून रबरी चटईवर ठेवायचं आणि गोल टोकाच्या चमच्यानं देवदूताच्या गालामागे, पंखांमागे हळूहळू दाबायचं. दोन मिनिटांत उठाव येतो. सगळ्या कामात मला हा भाग सर्वांत आवडला. एका मावशींचा हात इतका बसला की त्यांनी शेवटी सोनेरी पुठ्ठ्यावर जाळीच्या नक्षीचा उठाव देऊन झाडाला टांगायचे मासे केले, ड्रेस्डेनसारखे.

पाच कागद

कार्डाला घेतला हातकागद, सायीच्या रंगाचा, खादी भांडारातून. वर्ध्याला १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला तेव्हापासून या भागात हातकागदाची ओळख आहे, आणि पुण्याची हातकागद संस्था १९४० ची. आम्हाला त्याचा फायदा तांत्रिक होता: साच्यावर हातानं उचललेल्या कागदात तंतू चहूकडे पडतात, ठळक धागा राहत नाही. आमची अर्धी अडचण तिथेच मिटली. २२ बाय ३० इंची तावातून घडीचं आणि मापाचं गणित नीट बसवलं तर १० कार्डं निघतात. २२ ताव आणले.

दुसरा कागद अबरी. हा माझ्या घरचा. दाट पाण्यावर रंग तरंगवून, काडीनं किंवा फणीनं हलवून, वर कागद टेकवला की ती नक्षी उचलली जाते, प्रत्येक वेळी वेगळी. सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी अबरीतूनच आख्खी चित्रं घडवली. आमच्या दुकानात जी वापरत ती बहुधा छापील नक्कल असे, हिशेबाच्या चोपड्यांच्या आतल्या पानाला आणि पुठ्ठ्याच्या काठाला. वडील गेल्यावर दुकान आवरताना ३१ ताव मी घरी आणले होते आणि कधी वापरावेसे वाटले नव्हते. त्यातले ८ काढले. लाल-निळ्या भोवऱ्यांची ती अबरी देवदूताच्या मागे लागली आणि कार्ड एकदम कुठल्या तरी विलायती अल्बममधलं न वाटता आमच्या गावातलं वाटायला लागलं. व्हिक्टोरियन बाइंडर हाच प्रकार वापरत, हे खरंच. पण मोहननगरातल्या माणसाला ती चोपडी आठवते, आणि मला तेच हवं होतं. ते ८ ताव पुरेनात तेव्हा, बाकीचे न मोडता, पातळ खळीवर टर्पेंटाइनमध्ये सैल केलेले ऑइल कलर शिंपडून थोडी नवी केली. पहिले चार ताव चिखल झाले, पाचवा जमला.

बाकी तीन चटकन सांगते. झालरींसाठी पतंगी कागद, संक्रांतीचा माल बाजारात यायला लागला होताच. सोनेरी रेघेसाठी बेगड. आणि त्याच लग्नपत्रिका, या वेळी पापुद्रा तपासून.

चमकी मी काढायला लावली. जुन्या कार्डांवर बर्फाचा भास द्यायला काचेचा किंवा अभ्रकाचा चुरा वापरत. त्याची चमक मऊ असते, पिठूर चांदण्यासारखी. प्लास्टिकची चमकी नाचते. अभ्रकाचा चुरा थोडासाच लागला.

चिकटवायला मैद्याची खळ: एक वाटी मैदा, सहा वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत. थंड झाल्यावर तीन भाग खळीत एक भाग फेव्हिकॉल. खळीमुळे कागद सरकवून नीट बसवायला वेळ मिळतो, फेव्हिकॉलमुळे पकड येते. वडील खळीत चिमूटभर मोरचूद घालत, कसर लागू नये म्हणून. मी घातलं नाही. ते विषारी आहे, मुलं आसपास होती, आणि फिकट कागदावर त्याचा हिरवट डाग उमटू शकतो. त्याऐवजी खळ रोज ताजी केली. ब्रशनं मधून काठाकडे, काठाच्या बाहेरपर्यंत. मग कोऱ्या कागदांच्या मधे ठेवून वर पोळपाट, पोळपाटावर पाटा, आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही. वर्तमानपत्राची शाई उतरते, म्हणून कागद कोरेच हवेत.

गणपती

लग्नपत्रिकांबद्दल एक प्रश्न पहिल्या खेपेत कुणी बोलून दाखवला नव्हता. पत्रिकेवरचं सगळ्यात देखणं सोनेरी काम गणपतीचं असतं. पहिल्या वेळी तो भाग तसाच उरलेल्या कपट्यांत गेला होता आणि दोघींना ते मनातून टोचत होतं. पत्रिका ज्यांनी दिल्या त्या शेजारणींनाही ते आवडलं नसतं. आम्ही क्रम बदलला. पत्रिका हातात आली की आधी गणपती पूर्ण, चौकोनी, मोकळी जागा ठेवून कापायचा आणि वेगळ्या पाकिटात ठेवायचा. मग उरलेल्या वेलबुट्टीला कात्री. पाकीट भरलं तेव्हा शेजारच्या आजी येऊन घेऊन गेल्या. आठवड्यानं त्यांनी त्यातून केलेली आहेराची पाकिटं दाखवायला आणली, अबरीचा तुकडा आमच्याकडूनच मागून नेलेला. त्यांची मांडणी आमच्या काही कार्डांपेक्षा सरस होती आणि आम्ही ती पुढच्या ४० कार्डांना उचलली.

लोंबत्या वस्तू

व्हिक्टोरियन घरांत झाडाला कागदी कोन टांगत आणि त्यात गोळ्या-सुकामेवा भरत. काकूंनी नमुना पाहिला आणि म्हणाल्या, "ही तर दाणेवाल्याची पुडी!" पुडीच ती. वर बेगडाची पट्टी, पतंगी कागदाची झालर, रेशमी दोरा. आत शंकरपाळे भरायचे ठरलं, नाताळच्या फराळात ते असतातच. दुसऱ्या दिवशी अबरीवर तेलाचे गोल डाग. मग आत बटर पेपरचा दुसरा कोन बसवला. ६० कोन झाले.

चार पट्ट्यांचा तारा मात्र मी सुचवला आणि तो अवघड निघाला. फ्रोबेल तारा म्हणतात. १८३७ साली जर्मनीत बालवाडीची कल्पना उभी करणाऱ्या फ्रीडरिश फ्रोबेल यांच्या नावानं ओळखला जातो. पट्टीची लांबी रुंदीच्या साधारण ३० पट लागते, आम्ही दीड सेंटिमीटर बाय ४५ घेतली. गोंद नाही, कात्री फक्त शेवटी. पण पट्टी उलटसुलट वळत जाते आणि दोन्ही बाजू दिसतात. गिफ्टच्या कागदाची मागची बाजू पांढरी, त्यामुळे तारा अर्धवट रंगवल्यासारखा दिसला. दोन्हीकडून रंगीत कागदच हवा. सात जणींपैकी तिघींनाच तो जमला, ३८ वर थांबलो. १०० चा आकडा गाठायचा हट्ट मी धरला असता तर कार्डं मागे पडली असती.

अक्षर

सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की कार्डावर वळणदार इंग्रजी अक्षर असणार. मी विचारलं, हे कार्ड कुणाला पाठवाल? बुटीबोरीच्या मामाला, अमरावतीच्या सासूबाईंना. त्यांच्याशी बोलता कशात? मंडळातल्या एक निवृत्त शिक्षिका बोरूनं लिहितात. त्यांनी 'नाताळच्या शुभेच्छा' पंधरा वेळा लिहिलं, त्यातलं एक निवडून सीताबर्डीच्या बाजारातून रबरी शिक्का करून आणला. गडद तपकिरी शाईत तो हातकागदावर थोडा फुटतो, खिळे जुळवून छापलेल्या मजकुरासारखा. आतलं पान कोरं. एका पाळकसाहेबांनी विचारलं की वचन का नाही छापलं. मला वाटतं ज्याचं त्यानं आपल्या हातानं लिहावं. यावर मंडळात दोन मतं होती आणि शेवटी ६० कार्डांत वचन असलेली चिठ्ठी सरकवली, बाकी कोरी.

बर्फ ठेवायचा की नाही यावरही चर्चा झाली. ठेवला, कारण मूळ चित्रांत होता. पण हॉलीच्या काटेरी पानांऐवजी काही कार्डांवर पॉइनसेटिया आला. सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांच्या आवारात डिसेंबरात तो लाल होतो, सगळ्यांच्या पाहण्यातला.

हिशेब

दुसऱ्या खेपेत २२० कार्डं कापली, २४ बिघडली, १९६ विकण्याजोगी. पहिल्या १४० मधली ५० सपाट होती. त्यांचे चांगले तुकडे काढून भेटवस्तूला बांधायच्या चिठ्ठ्या केल्या, त्या कार्डांबरोबर मोफत दिल्या. कार्ड ५० रुपये, कोन ४०, तारा ६०. एका दुपारीत १७१ कार्डं, सगळे ६० कोन आणि २१ तारे गेले. जमा १२,२१० रुपये. खर्च पहिल्या खेपेचा २,९०० आणि दुसरीचा ३,६५०. हाती ५,६६०. बाकांची दुरुस्ती त्यात झाली, रंग राहिला.

या आकड्यांत सात बायकांचे तास नाहीत. एका कार्डाला सरासरी ३५ मिनिटं लागली, म्हणजे नुसत्या कार्डांचे ११४ तास. ५० रुपये ही किंमत मी तेव्हाही कमी म्हटली होती. "एवढे महाग कोण घेईल जी?" या एका वाक्यापुढे मी गप्प बसले, बसायला नको होतं. ज्या बाईंनी १२ कार्डं एकदम घेतली त्यांनी किंमत विचारलीसुद्धा नव्हती. आधी उठावावर बोट फिरवलं, मग अबरी उलटून पाहिली आणि विचारलं, ही कुठे मिळते.

माझी आणखी एक चूक नोंदवते. वजनाखाली ठेवताना उठाव दिलेली पहिली ३० चित्रं पाट्याखाली पुन्हा सपाट झाली. आधी अबरी चिकटवून दाबून वाळवायची आणि उठावाचं चित्र सगळ्यात शेवटी, मागे कागदाच्या छोट्या चुणीदार पट्ट्या लावून, वजनाशिवाय बसवायचं, हा क्रम मला ३१ व्या कार्डाला सुचला.

उरलेली २५ कार्डं आणि १७ तारे कोऱ्या कागदात गुंडाळून, कडुनिंबाचा वाळका पाला घालून पत्र्याच्या पेटीत ठेवले आहेत. अबरीचे २३ ताव शिल्लक आहेत. सिस्टर आजींच्या डब्यातली काळ्या पुठ्ठ्याला चिकटलेली तीन कार्डं अजून तशीच आहेत. ती सोडवायची तर थेंबाथेंबानं ओलावा देत पुठ्ठा मागून थर-थर काढावा लागेल, आणि पावसाळा संपेपर्यंत मी त्याला हात लावणार नाही.